लांब्याचे शर्ट

टेलरबाईच्या घरात चिंधी फेकणं हा गुन्हा होता. माणसाचं काही चुकलं तर ती एक वेळ पोटात घालायची. पण कापडाचा बोटभर तुकडा केरात गेलेला दिसला, की दिवसभर तोंड फिरवून बसायची. सून या घरात आली तेव्हा तिला पहिला धडा मिळाला तो चुलीचा नव्हे, पोत्यांचा. दाराआडच्या पोत्यात सुती. खाटेखालच्या पोत्यात जाडंभरडं. आणि जे कशातच बसत नाही ते माळ्यावरच्या पोत्यात. या माळ्यावरच्या पोत्याला सासू 'म्हातारपण' म्हणायची. त्यात गेलेलं कापड परत खाली येत नसे. म्हणजे फेकल्यासारखंच, फक्त तसं म्हणायचं नाही, एवढंच.

त्या वर्षी विहिरींनी तळ दाखवला. शेतं करपली, पाठोपाठ गावातली कामंही करपली, आणि घरटी एक तरी पुरुष बाहेर पडला. बहुतेकांना बंदराच्या बांधकामावर काम मिळालं. टेलरबाईचा मुलगाही त्यांच्याबरोबर गेला. त्याला सगळं गाव लांब्या म्हणायचं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. याचे पाय पाहून अंथरूण शिवावं लागायचं. शर्टाला चारचौघांपेक्षा हातभर कापड जास्त. "याच्या बाहीत दुसऱ्याचं लग्न होईल," असं सासू कापताना म्हणायची, आणि म्हणताना तिला आपण केवढा मुलगा जन्माला घातला याचा आनंदच व्हायचा. मशीनखाली गुडघे मावत नाहीत म्हणून तो शिवणकामाला बसला नाही, असं तो सांगे. खरं म्हणजे गावात येणारं शिवण दोन बायकांनाच जेमतेम पुरायचं. वर्षअखेरच्या सुट्टीला येतो, असं सांगून तो गेला. सगळेच तसं सांगून गेले होते.

सुट्टी जवळ आली की दर वर्षी पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरत नसे. या वर्षी एकही कोरं कापड आलं नाही. सासू मशीनला तेल घालायची, पुसायची, आणि परत झाकण घालून बसायची. शेवटी एका सकाळी तिनं झाकण काढलं ते काढलंच.

"माणसं वर्षभर राबून घरी येणार," ती म्हणाली, "आणि घरातनं त्यांच्या हातात काही ठेवायला नको? लेकी येतील, पोरं येतील. नवीन नसेल तर जुन्यातनं करू. सांग सगळ्यांना, घरातले फाटके कपडे घेऊन या म्हणावं."

"शिलाई?" सुनेनं विचारलं.

"शिलाईचं बघू. आधी पाय तरी हलू दे. मशीन आणि माणूस, दोन्ही बसून गंजतात."

दुसऱ्या दिवसापासून बायका बोचकी घेऊन यायला लागल्या. सगळ्यांच्या आधी आली गिरणीवाली. तिची पिठाची गिरणी दळायला दाणेच नाहीत म्हणून बंद होती, तोंड मात्र चालू होतं. तिनं नवऱ्याची एक पँट सासूपुढं टाकली.

"ही बघ. गुडघ्यात गेलीय. हिचं काय होणार?"

"गुडघा गेला, मांडी शाबूत आहे ना?" सासूनं पँट उजेडात धरली. "माणूससुद्धा आधी गुडघ्यातच जातो. म्हणून काय टाकून देतेस? इथनं आडवी काप. एका पायाची एक पिशवी, तळाला दुहेरी टीप. कमरेच्या पट्टीचे बंद. आणि खिसा तसाच राहू दे, त्यात किल्ली राहील."

"आणि रंग उडालाय तो?"

"उन्हानं एकच बाजू खाल्लीय. उलटी कर."

गिरणीवालीनं पँट उलटी केली. आत गडद निळा रंग कालच्यासारखा होता. "अगंबाई," ती म्हणाली, "इतकी वर्षं मी याची चांगली बाजू आतच ठेवून बसले होते की." मग तिथं जमलेल्या बायका आपापल्या नवऱ्यांच्या चांगल्या बाजूंबद्दल बोलायला लागल्या आणि बराच वेळ काम झालं नाही.

सुनेच्या वाट्याला उसवणं आलं. उसवणं म्हणजे शिवण्यापेक्षा चेंगट काम. ब्लेडचं अर्धं पातं दोन बोटांत धरायचं, टिपेच्या पोटाखाली घालायचं आणि कापडाला न दुखवता एकेक टाका तोडायचा. अंगठ्याला चरे पडायचे. मान दुखायला लागली की ती पाठ भिंतीला टेकवायची. सुटलेला दोरा फेकायचा नाही. रिकाम्या फिरकीवर गुंडाळायचा, कच्च्या टिपेला होतो. बटणं वाटीत. हुक दुसऱ्या वाटीत. तिची पाच वर्षांची मुलगी, जिला पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून घरात भिंगरी म्हणायचे, त्या वाट्या एकमेकींत ओतायची आणि मार खायची.

उसवून झालं की धुणं. सासूचा हा नियम मशीनपेक्षा जुना होता. धुतल्याशिवाय कात्री नाही. "जे आटायचं ते आधीच आटू दे," ती बायकांना सांगायची. "भेट दिल्यावर आटली, तर देणाऱ्याची लाज जाते." कढत पाणी, सोडा, मग उन्हात. पाण्याची एवढी ओरड असतानाही ती धुण्याचं पाणी वाचवू द्यायची नाही. तेच पाणी मग अंगण शिंपायला, अंगणातनं उरलं तर कडुनिंबाला. सून दिवसातनं तीनदा पंपावर रांगेत उभी राहायची. हातांची सालपटं निघाली. पण पुढच्या खोलीत गोष्टी तयार व्हायला लागल्या होत्या. साडीच्या काठाच्या उश्या. पायमोज्यांच्या बाहुल्या, बटणांच्या डोळ्यांच्या. विरलेल्या टॉवेलांची, चार पदर एकावर एक घालून शिवलेली, गरम भांडी उचलायची फडकी. एकाच सदऱ्याचे सात रुमाल, आणि कडेला दुसऱ्याच रंगाची, तिरकी कापलेली उरेब पट्टी. बायका ते उचलून बघायच्या, आपल्याच घरातलं कापड त्यांना ओळखू यायचं नाही.

सुनेच्या उशाखाली मात्र एक कापड असं होतं, जे तिनं या सगळ्यातनं वाचवलं होतं. तपकिरी चौकडीचा शर्ट. निघायच्या सकाळी लांब्यानं तो अंगातनं काढला, खुंटीला टांगला, दुसरा घातला आणि गेला. संध्याकाळी धुण्याची बादली भरताना तिचा हात त्या शर्टाकडे गेला आणि तसाच थांबला. कॉलरला त्याच्या डोक्याच्या तेलाचा वास होता, काखेत घामाचा. तिनं तो धुतला नाही. घडी घालून उशाखाली ठेवला. रोज डोळे मिटताना ती त्यात नाक खुपसायची. दुधाची तहान ताकावर, हे तिला कळत होतं. पण ताकही नसतं तर तिनं काय केलं असतं? नवरा गेल्यापासून तिला त्याची इतकी आठवण यायची, की कधीकधी भाकरी थापता थापता हात थांबायचे. हे कुणाला सांगायचं नसतं. गावातल्या निम्म्या बायकांचे नवरे बाहेर होते. कुणीच सांगत नव्हतं.

त्याचा फोन यायचा तो सासूच्या मोबाइलवर, दुपारी, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत. आणि दुपारीच पुढची खोली बायकांनी भरलेली. सासू आधी बोलायची. मशीनची दोरी तुटली इथपासून गुडघ्यापर्यंत सगळं सांगायची. मग म्हणायची, "घे गं, बोल लवकर, त्याची सुट्टी संपेल."

सुनेनं फोन कानाला लावला, की कात्र्या थांबायच्या.

"जेवलात?"

"हो. तू?"

"हो."

"भिंगरी काय करतेय?"

"खेळतेय." तिला सांगायचं होतं, की भिंगरीचा पुढचा दात पडलाय आणि तो तिनं तुम्हाला दाखवायला काड्यापेटीत ठेवलाय. ते सांगितलं असतं तर रडू आलं असतं. "सुट्टीचं काय झालं?"

"मुकादम नक्की सांगत नाही. निम्मे आता सोडणार म्हणतो, निम्मे नंतर."

"बरं."

"ठेवू?"

"ठेवा."

तिनं फोन सासूला दिला. गिरणीवाली म्हणाली, "एवढंच? आम्ही जीव कानात आणून बसलो होतो, काहीतरी गोड ऐकायला मिळेल म्हणून." सगळ्या हसल्या. सूनही हसली. हसलं नाही तर आणखी हसतात.

गावाचं बरंचसं काम मार्गी लागलं तेव्हा सासूच्या लक्षात आलं, की आपल्या घरासाठी काहीच झालेलं नाही. मोठी नणंद दोन पोरांना घेऊन सुट्टीला येणार होती. सासूनं पोती धुंडाळली. दाराआडचं रिकामं, खाटेखालचं रिकामं. मग ती आतल्या खोलीत गेली आणि लोखंडी पेटीचं झाकण वर केलं.

"कापड कापड करत गावभर फिरतोय," ती म्हणाली, "आणि इथं पेटी भरून शर्ट पडलेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

ते लांब्याचे शर्ट होते. सुनेनं एक उचलला.

"त्यांना लागले तर?"

"चांगले तिकडं दिलेत की त्याला. हे सगळे खांद्यावर विरलेत. आल्यावर नवा शिवू." सासू खडू घेऊन बसलीसुद्धा. "बघ केवढं कापड आहे. मागचा भाग म्हणजे एक उशी. आणि या बाह्या बघ, एका बाहीत पोराचा एक पाय. दोन बाह्या, एक पायजमा. कफ आहे तसा राहू दे, घोट्याला येईल."

सुनेनं ते शर्ट उसवले. निळा त्यानं लग्नानंतर पहिल्यांदा तिला बाजारात नेलं तेव्हा घातला होता. पांढऱ्यावर भिंगरीनं पहिल्यांदा दूध ओकलं होतं. तरी तिला त्यांचं फार वाईट वाटलं नाही. ते धुतलेले शर्ट होते, त्यांना फक्त पेटीचा वास होता.

"चौकडीचा दिसत नाही तो," सासू म्हणाली. "तपकिरी. मी शिवलेला प्रत्येक शर्ट मला पाठ आहे."

"त्यांनी नेला असेल."

सासूनं तिच्याकडं बघितलं. "नेला असेल," असं म्हणून ती परत खडूकडं वळली.

खोटं बोलायची सवय नसली, की माणूस एका खोट्यापाठोपाठ दुसरा मूर्खपणा करतो. आता उशी शोधली जाईल, अंथरूण झटकलं जाईल, असं सुनेच्या मनानं घेतलं. घरात दुसरी जागा कुठली? पेटी सासूची, फळी सासूची. ती माळ्यावर चढली आणि शर्ट म्हातारपणात खुपसला, अगदी तळाशी. जिथनं कापड परत येत नाही ती जागा. टेलरच्या घरात कापड लपवायचं तर कापडातच लपवावं, असं तिला वाटलं, आणि आपण हुशारी केली असंही वाटलं. एरवी कुठल्याही वर्षी ती हुशारी ठरली असती.

पण त्या वर्षी बाहुल्या खूप झाल्या होत्या. बाहुलीला पोट लागतं, उशीला पोट लागतं, आणि पोट भरायला कापूस कुठला? एका सकाळी सून पंपावर रांगेत असताना सासूनं गिरणीवालीला माळ्यावर चढवलं आणि म्हातारपण खाली उतरवलं.

सून दोन हंडे घेऊन अंगणात आली तेव्हा दोरीवर धुणं होतं. बारीकसारीक चिंध्या, त्याही धुतलेल्या. आणि मधोमध, बाह्या खाली लोंबत, तपकिरी चौकडीचा शर्ट. कफांतनं पाणी गळत होतं.

तिनं हंडे खाली ठेवले की ते ठेवले गेले, तिला कळलं नाही. एक कलंडला आणि रांगेतलं पाणी मातीत गेलं. ती दोरीपाशी गेली, शर्टाची कॉलर दोन्ही हातांत धरली आणि चेहऱ्याला लावली. सोड्याचा वास येत होता. तिनं काख धुंडाळली, खिसा उलटा केला. सगळीकडं सोडा.

"मिळाला बघ," सासू दारातनं म्हणाली. "तू म्हणालीस त्यानं नेला. म्हातारपणात पडला होता, कुणी टाकला कोण जाणे. पण केवढा मळ गं. दोन पाण्यांत काढावा लागला."

"धुवायला कुणी सांगितलं होतं?"

या घरात आल्यापासून ती सासूशी अशी कधी बोलली नव्हती. गिरणीवाली आत बाहुलीत चिंध्या कोंबत होती, तिचा हात थांबला.

"धुतल्याशिवाय कात्री..." सासूनं सुरुवात केली आणि सुनेच्या तोंडाकडं बघून वाक्य अर्ध्यातच सोडलं. "मला सांगायचंस तरी."

"काय सांगायचं? तुमच्या मुलाचा मळका शर्ट मी वास घ्यायला ठेवलाय, असं सांगू?" सुनेचा आवाज चढला होता आणि शेजारपाजारपर्यंत जात होता. "तेवढाच होता. दुसरं काय आहे त्यांचं माझ्याजवळ? फोन आला तर सगळं गाव ऐकतं. जेवलात का, एवढंच विचारते मी. दर वेळी तेच विचारते."

गिरणीवालीच्या जिभेवर एरवी अशा वेळी काहीतरी यायचंच. आज आलं नाही. तिनं बाहुली गुपचूप खाली ठेवली, आपलं बोचकं उचललं आणि मागच्या दारानं गेली.

सासू उंबऱ्यावर बसली. ती दोरीवरच्या शर्टाकडं बघत होती.

"मी त्याची आई," ती म्हणाली. "हातात घेतला, ओळखला, त्याचाच म्हणून ओळखला. आणि मला वास घ्यायचं सुचलं नाही बघ. मळका दिसला, घातला पाण्यात."

 सुनेनं कलंडलेला हंडा उचलला आणि परत रांगेत जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तो शर्ट इस्त्री करून, बटणं लावून, तिच्या उशीवर ठेवलेला होता. सासूनं ठेवला होता. सुनेनं तो उचलला. आता तो कुणाचाही शर्ट होता. तिला राग आला, आणि राग काढायला घरात कात्रीशिवाय काही नव्हतं. तिनं पाठीचा भाग कापला, चार पदर केले, आत उरलेल्या बाह्या घातल्या आणि आडव्याउभ्या टिपा घातल्या. दिवसभर मशीनच्या लाकडी स्टुलावर बसून सासूचं माकडहाड दुखायचं. त्या स्टुलासाठी बैठक झाली. रागानं सुरू केलेलं काम, पण टीप एकही वाकडी गेली नाही. हात रागावत नाहीत, त्यांना सवय असते.

बस आली त्या दिवशी सगळं गाव नाक्यावर होतं. पुरुष उतरायला लागले. गिरणीवालीचा नवरा उतरला, तिनं त्याच्या हातात निळी पिशवी ठेवली, त्यानं ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, "ही माझी पँट आहे." लोक हसले. पोरं बाहुल्या नाचवत होती. कुणी रुमाल नाकाला लावत होतं, कुणी नुसताच खिशात घालत होतं. बस रिकामी झाली. सून दाराच्या पायरीपाशीच उभी होती. ड्रायव्हरनं दार ओढून घेतलं तेव्हा तिला बाजूला व्हावं लागलं.

"लांब्याला दुसऱ्या खेपेत सोडणार," गिरणीवालीचा नवरा तिच्याकडं न बघता म्हणाला. "सोडला तर."

"कधी?"

"आता मुकादमाच्या मनात काय, सांगता येत नाही."

भिंगरी कडेवर होती, काड्यापेटी मुठीत. "बाबा कुठल्या सीटवर आहेत?" तिनं विचारलं.

"मागच्या गाडीत आहेत."

घरी नणंद आलेली होती. तिची पोरं पायजमे घालून खोलीभर धावत होती, घोट्याला कफ, कफाला बटण. सासूनं सगळ्यांना ज्याचं त्याचं दिलं. सुनेनं ती बैठक सासूपुढं ठेवली. सासूनं बघितलं, चौकड्या ओळखल्या, बोट एका टिपेवरनं दुसऱ्या टिपेवर नेलं. स्टुलावर तिनं ती ठेवली नाही. मांडीवर घेऊन बसून राहिली, आणि नणंदेनं काय झालं विचारलं तर म्हणाली, "टिपा बघतेय."

तो तिसऱ्या दिवशी दुपारी आला, सिमेंटच्या गाडीतनं, गोण्यांवर बसून. आपल्याच घराच्या चौकटीला वाकायचं विसरला आणि डोकं आपटून आत आला. नणंद रडली, सासूनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, भिंगरी लाजून पेटीमागं लपली आणि मग तिथनं काड्यापेटी तेवढी पुढं केली. पाठोपाठ शेजारी आले, बरोबरीचे आले, बंदराच्या गोष्टी सुरू झाल्या. सून चहा करत राहिली. तिच्या हातनं कप घेताना तो म्हणाला, "बरी आहेस?" ती म्हणाली, "हो." खोली भरलेलीच होती. त्याला परवा परत जायचं होतं, हे तिला त्याच्याकडनं नव्हे, शेजाऱ्याशी चाललेल्या बोलण्यातनं कळलं.

तिनं चुलीपाशी उभं राहून त्याला बघितलं. गालफडं बसली होती. शर्ट विकतचा, आखूड, मनगटं उघडी पडलेली. इतके महिने ज्याची वाट बघितली तो दहा पावलांवर बसला होता, आणि मध्ये एवढी माणसं होती, की तो बंदरावर होता तेच बरं होतं असं तिला वाटलं. तिथं निदान ती एकटीनं त्याची आठवण काढू शकत होती.

सासू उठली. पेटीच्या तळातनं तिनं कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. कोरं कापड होतं, राखी रंगाचं. ते तिनं कधी आणून ठेवलं होतं, सुनेलाही माहीत नव्हतं.

"लांब्या, उठून उभा राहा," ती म्हणाली. "शर्ट शिवायचाय. जायच्या आधी अंगात पाहिजे."

"आई, बसू दे की त्याला," नणंद म्हणाली. "जुन्या शर्टावरनं कापड बेत."

"जुना आहे कुठं? तुझ्या पोरांच्या पायात बघ."

लांब्यानं भाच्यांच्या पायजम्यांकडं बघितलं, मग उशीकडं, मग आईच्या स्टुलाकडं, आणि हसायला लागला. "अख्ख्या मला वाटून टाकलंत की," तो म्हणाला.

सासूनं टेप हातात घेतला, त्याच्याजवळ गेली आणि थांबली. "मला आकडे दिसत नाहीत," ती म्हणाली. "तू घे गं माप."

सकाळीच तिनं चष्म्याशिवाय सुई ओवली होती. सुनेनं तिच्याकडं बघितलं. सासूनं टेप तिच्या हातात दिला आणि स्वतः खडू घेऊन कापडापाशी बसली.

सून पुढं आली. ओले हात तिनं पदराला पुसले. कुणी विशेष बघितलं नाही, गप्पा चालू राहिल्या. टेलरच्या घरात माप घेणं म्हणजे काय बघायचं? खांदा घ्यायला तिचा हात पोचेना, तसा तो गुडघ्यात वाकला.

"सरळ उभे राहा," ती म्हणाली. "माप चुकेल."

तिनं चवड्यांवर उभं राहून खांदा घेतला. बाही घेतली, खांद्यापासून मनगटापर्यंत, आणि तिचं बोट त्याच्या मनगटावर जरा जास्त वेळ राहिलं. सासूनं आकडे लिहून घेतले.

"छाती," सासू म्हणाली.

छातीचं माप घ्यायचं तर दोन्ही हात पाठीमागं न्यावे लागतात. सुनेनं टेप एका हातात धरला, हात त्याच्या काखेखालनं मागं नेले, आणि तिचा गाल त्याच्या शर्टाच्या बटणांवर आला. डिझेलचा वास, सिमेंटचा, कुठल्यातरी परक्या साबणाचा. ओळखीचं काही नव्हतं. पण आत त्याचं काळीज इतकं जोरात चाललं होतं, की तिला बाकीची खोली ऐकू येईनाशी झाली.

"वाळलीस," तो वरनं, ओठ न हलवता म्हणाला.

"तुम्ही वाळलात."

"तिकडं झोपच लागत नाही," तो म्हणाला. "तुझ्याशिवाय."

टेपची दोन टोकं पुढं येऊन तिच्या हातांत एकत्र आली होती. वर्षापूर्वी ती जिथं जुळत, त्याच्या बरीच पुढं सरकली होती. तिनं आकडा वाचायचा प्रयत्न केला. डोळ्यांत पाणी आलं होतं, आकडे एकमेकांत मिसळले.

"बोल, किती?" सासूनं विचारलं.

"कळत नाही," सून म्हणाली.

सासूनं वर बघितलं नाही. कापडाची घडी सारखी करत ती म्हणाली, "मग परत घे. छातीचं माप घाईनं घेऊ नये. त्याला श्वास घेऊ दे, सोडू दे, मग बघ."

सुनेनं टेप सैल केला आणि हात परत त्याच्या पाठीमागं नेले.